यंत्राला माणसात आणणाऱ्या ग्रेसबाई

मागच्या हिवाळ्यात तिरोडा तालुक्यातल्या बोदलकशाच्या तलावावर पक्षी बघायला जायचं ठरलं. मुक्कामाची खोली ऑनलाइन ठरवायला मीच बसले. फॉर्म चारदा भरला, चारही वेळा पडद्यावर एकच उत्तर - अर्ज अवैध! काय चुकलं, ते काही नाही. शेवटी कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाच्याने दाखवलं, पिनकोडची चौकट रिकामी राहिली होती. त्याच्या मते दोष यंत्राचा नव्हताच. जी माहिती हवीच, ती आधी तपासायची आणि राहिली तर तिचं नाव घेऊन सांगायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचं काम. तेव्हा मला ग्रेस हॉपर आठवल्या.

ग्रेस जन्मली न्यूयॉर्कला, ९ डिसेंबर १९०६ रोजी. सात वर्षांची असताना घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने घरातली गजराची सात घड्याळं खोलून ठेवली! १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट घेतली, प्राध्यापकीही केली. महायुद्धात नौदलात जायचं मनात आलं, पण वय जास्त, वजन कमी. तरी खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्याच. पुढे हार्वर्डला मार्क-१ या अवाढव्य गणनयंत्रावर नेमणूक झाली.

त्या काळी यंत्राला फक्त आकडे कळायचे. युद्धानंतर एका यंत्रासाठी ग्रेसबाई आठाच्या पद्धतीने हिशेब शिकल्या, म्हणजे सातानंतर थेट दहा. तेच बँकेच्या वहीतही उतरलं आणि शिल्लक जुळेना. बँकेतल्या भावानेच ती चूक शोधली! ऑफिसात आणखी गंमत. लोक एकमेकांच्या वहीतून प्रोग्रामचे तुकडे उतरवून घेत आणि उतरवताना चुकत. घाईत लिहिलेला चार भलतंच चिन्ह वाटे. नकलण्याचं काम यंत्रालाच का देऊ नये, असं बाईंना वाटलं. १९५२ मध्ये त्यांनी कंपायलर तयार केला. कामाचा क्रमांक आणि त्याला लागणारी माहिती द्यायची, जुळवाजुळव यंत्र करणार. पुढच्या काळातले कंपायलर तर काम सुरू होण्याआधीच मजकूर वाचून कोणत्या ओळीत काय चुकलं ते सांगू लागले.

मग त्यांनी इंग्रजी शब्दांतून हुकूम देण्याचा हट्ट धरला. यंत्राला इंग्रजी कळत नाही, असं वरचे सांगत. बाईंनी इंग्रजीसोबत फ्रेंच आणि जर्मनमध्येही नमुना करून दाखवला, तर साहेबलोक आणखीच घाबरले! पण त्यातूनच फ्लो-मॅटिक आली आणि तिच्या पायावर १९५९ मध्ये कोबोलची आखणी सुरू झाली. (भाच्याला विचारलं, मराठीचं काय? तो नुसता हसला.)

नौदलातून निवृत्त झालेल्या बाईंना १९६७ मध्ये परत बोलावलं, तेही फक्त सहा महिन्यांसाठी म्हणून. प्रत्येक कंपनीचा कोबोल थोडा वेगळा, त्यामुळे एकीकडचा प्रोग्राम दुसरीकडे अडायचा. बाईंच्या गटाने चाचणीचे प्रोग्राम लिहिले. कंपायलर ठरलेल्या नियमांत नेमका कुठे कमी पडतो, ते त्यातून उघड व्हायचं. शेवटची निवृत्ती १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, रिअर ॲडमिरल म्हणून. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या.

१९४७ मध्ये त्यांच्या गटाच्या मार्क-२ यंत्रात एक पतंग अडकला होता. तो बाईंनी स्वतः पकडला नव्हता, पण किस्सा त्या रंगवून सांगत. सहकाऱ्यांनी तो पतंग वहीत चिकटवून ठेवला. ती वही आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. पानावर दुपारची वेळ लिहिली आहे, यंत्राचा कोणता भाग तेही, आणि रिलेचा क्रमांक ७०.