श्रीनामदेवराय आणि कच्चे मडके

आपण जे मानीत आलो ते चुकीचे तर नसेल ना, हा प्रश्न भाविकाला केव्हा ना केव्हा गाठतोच. कोणी तो बोलून दाखवितो, कोणी मनातल्या मनात दडपून टाकतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत कीर्तनाच्या निमित्ताने आमचे हिंडणे पुष्कळ. तेथे तर तो तीन वेषांत भेटतो.

गळ्यात तुळशीची माळ घातलेला म्हातारा म्हणतो, आषाढी आली की नेमकी धानाची रोवणी येते. पऱ्हे तयार, बांधीत चिखल झालेला, वरून पावसाने धरलेलं. अशा वेळी शेकडो मैलांवरच्या पंढरीला जायचं की बांधीत उतरायचं? आणि नाही गेलो तर देव अंतरला असं समजायचं काय? दुसरा म्हणतो, आमच्या शेजारच्या गोंडांचा पेरसापेन, म्हणजे थोरला देव, रानातल्या झाडापाशी. आमचा पांडुरंग विटेवर. दोघांपैकी एकाचं चुकत असलंच पाहिजे, मग ते कोणाचं? आणि शाळा शिकलेलं पोर मागच्या रांगेतून हळूच विचारतं, दोघांचंही चुकत असलं तर?

असे विचारणाऱ्यास पाखंडी ठरवून खाली बसविणे सोपे आहे. पण वाचकहो, ज्यांना आपण कीर्तनपरंपरेचे आद्य पुरुष मानतो त्या श्रीनामदेवरायांवर हाच प्रसंग आला होता, आणि तोही भर संतसभेत. त्यांनी त्याचे काय केले हे एकदा नीट पाहिले, म्हणजे म्हाताऱ्याला काय सांगावे आणि पोराला काय सांगावे, ते आपोआप कळेल.

नामदेवरायांचा जन्म शके 1192 च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा, म्हणजे इ. स. 1270 चा. घराणे नरसी-बामणीचे, ते गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. बाळपण पंढरीत गेले. वडील घरी नसता लहानग्या नामाने देवापुढे नैवेद्य ठेवला, देव जेवीना म्हणून हट्ट धरला, आणि शेवटी देवाला जेवावे लागले, ही कथा आपल्याकडे घराघरांत सांगतात. पुढे राजाईशी लग्न झाले. नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे झाले. घरात जनाबाई होतीच. पण नामदेवांचे चित्त सुई-कात्रीत रमेना. गोणाई रागवायची, राजाई कष्टी व्हायची, आणि हे आपले राउळात देवाशी बोलत बसलेले.

आता पाहा, या भक्तीत खोटे काय होते? काहीच नाही. देव विटेवर आहे, तो माझा आहे, मी हाक मारली की तो ओ देतो, एवढेच नामदेव मानीत होते. पण या खऱ्या गोष्टीभोवती त्यांच्याही नकळत एक कुंपण वाढत गेले. देव आहे तो विटेवरच आहे, आणि ज्याच्याशी तो बोलतो तो इतर सर्वांहून थोर आहे, असे ते कुंपण. बी खरे होते. पण बांधावर उगवलेली काटेरी झुडपे पिकापेक्षा उंच झाली होती.

मग तो प्रसिद्ध प्रसंग आला. तेरच्या गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानदेव, मुक्ताई ही भावंडे तेथे होती. ज्ञानोबाराय नामदेवांहून पाच वर्षांनी लहान, मुक्ताई त्याहूनही लहान. परंपरा सांगते की नामदेवांच्या चालण्याबोलण्यातला तो सूक्ष्म ताठा प्रथम मुक्ताईने हेरला. तिने गोरोबाकाकांना विनविले की, काका, तुम्ही जातीचे कुंभार. मडके कच्चे की पक्के हे तुम्हांला हाताला कळते. तेव्हा ही इतकी मडकी बसली आहेत, जरा पारखून सांगा. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर मारीत चालले. कोणी हू की चू केले नाही. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते रागावले, त्यांनी हरकत घेतली. काकांनी निर्णय दिला की एवढे एक मडके कच्चे आहे.

येथे आम्ही श्रोत्यांना नेहमी थांबवितो. कच्च्या मडक्याची माती वाईट असते काय? मुळीच नाही. पक्क्याची आणि कच्च्याची माती एकच, चाक एक, कुंभाराचा हातही एकच. कच्चे एवढ्याचसाठी की ते अजून आव्यातून निघालेले नाही. उन्हात वाळलेले असते, दिसायला घाटदार असते, पण पाणी भरले की विरघळू लागते. नामदेवांची भक्ती अशी उन्हात वाळलेली होती. तिच्यात पाणी भरून पाहण्याची वेळ तोवर आली नव्हती.

नामदेव दुखावले. दुखावलेला माणूस दोन वाटांनी जातो. एक तर टोकणाऱ्याला शत्रू ठरवितो, नाही तर धरलेले सगळेच फेकून देतो. नामदेवांनी तिसरी वाट धरली. ते आपले दुखणे घेऊन थेट पांडुरंगापाशी गेले. ज्याच्याविषयीच्या समजुतीलाच धक्का बसला होता त्याच्यापाशीच त्यांनी तक्रार केली. आणि देवाने काय केले? देवाने त्यांची समजूत घातली नाही, तू माझा लाडका आहेस एवढ्याने तुझे भागेल असेही सांगितले नाही. संतांनी परीक्षा बरोबर केली आहे असे म्हणून त्याने नामदेवांना आपल्या दारातून दुसऱ्याकडे पाठविले, गुरू करून घ्यायला. आपल्या भक्ताच्या मनात प्रश्न उठला म्हणून पांडुरंग रागावला नाही, हे ध्यानात ठेवावे. उलट तो प्रश्न शेवटास न्यावा अशी त्याचीच इच्छा होती.

ज्यांच्याकडे पाठविले ते विसोबा खेचर. त्यांचीही मागची गोष्ट आठवावी. हेच विसोबा आळंदीत संन्याशाची मुले म्हणून ज्ञानोबारायांच्या भावंडांचा छळ करीत. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून त्यांनी कुंभारवाड्यात आडकाठी केली. तेव्हा ज्ञानोबारायांनी जठराग्नी पेटवून पाठीवर मांडे भाजू दिले, अशी कथा आहे. ते पाहून विसोबा शरण आले. आपण धर्म म्हणून जे करीत होतो तो अधर्म होता, हे ज्यांनी स्वतः भोगून जाणले होते, त्यांच्याकडे देवाने नामदेवांना पाठविले. कधीच न चुकलेला गुरू त्याने धुंडाळला नाही.

नामदेव औंढ्या नागनाथाच्या देवळात गेले आणि पाहतात तो काय, एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून खुशाल निजलेला. नामदेवांचा संताप झाला. त्यांनी पाय काढायला सांगितले. विसोबांनी उत्तर दिले की, आम्ही थकलो आहो, आमच्याने उठवत नाही. जेथे देव नसेल अशी जागा पाहून तूच आमचे पाय तिकडे ठेव. नामदेवांनी पाय उचलले, दुसरीकडे ठेवले, तो तेथेही लिंग. तिसरीकडे ठेवले, तेथेही तेच. कुंपण पडले ते असे.

हे असेच घडले काय, असे कोणी विचारील. आम्ही म्हणतो, अवश्य विचारावे. पण कथेने टाकलेला पेच चमत्काराहून जड आहे, तो आधी सोडवावा. देव जेथे नाही अशी एक तरी जागा दाखवा, एवढेच तेथे मागणे आहे. ती दाखविता येत नसेल, तर आपल्या देवाची हद्द आखण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यापुढचे नामदेवचरित्र हाच त्या प्रसंगाचा पुरावा आहे. कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव हे आव्यातून निघालेले नामदेव होत. शके 1218 मध्ये, म्हणजे इ. स. 1296 साली, ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेस गेले आणि दीर्घकाळ पंजाबात राहिले. तेथल्या घुमान गावी त्यांचे स्थान आजही लोक पूजितात. 2015 साली मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले होते. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबांत आहेत. पंढरीबाहेर देव न पाहणारा भक्त परमुलखात, परभाषेत, परक्या लोकांत देव पाहू लागला, आणि त्या लोकांनी त्याचे शब्द आपल्या धर्मग्रंथात जपले. शके 1260 मध्ये, म्हणजे इ. स. 1338 साली, मंगळवेढ्यास कोट बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले. तेव्हा त्या ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधून नामदेवांनीच आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी खूण सांगतात.

याच ठिकाणी आपण वारकऱ्यांनी आपल्याकडेही पाहावे. नामदेवांनी चोखोबांना महाद्वारापर्यंत आणले; पण चोखोबांच्या जातभाईंना त्या दारातून आत जाता यायला पुढे सहाशेवर वर्षे लागली. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि मग दार मोकळे झाले. एवढी शतके मोठमोठे विद्वान आणि भाविक ही बंदीच धर्म आहे असे मनापासून मानीत होते. मनापासून मानले म्हणून ते खरे ठरले नाही. ज्यांनी या समजुतीविषयी शंका घेतली त्यांनी विठ्ठलाचे काही उणे केले काय? विठ्ठल विटेवर होता तेथेच राहिला; दाराची रुंदी तेवढी वाढली.

आमच्या शास्त्राध्ययनात पहिल्याच पाठांत न्यायाचे सोळा पदार्थ पाठ करवीत. त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगेच मागून संशय येतो, आणि निर्णय येतो तो बराच पुढे. संशयावाचून निर्णय नाही, अशी ही रचना आहे. गीतेत संशयात्म्याचा नाश सांगितला आहे हे खरे, पण त्याच अध्यायात ज्ञान्याला शरण जाऊन प्रश्न करावा असेही सांगितले आहे. प्रश्न करून उत्तरासाठी थांबणारा अर्जुन वेगळा, आणि उत्तर नकोच असल्यामुळे नुसत्या शंका काढीत बसणारा वेगळा.

तेव्हा मागच्या रांगेतल्या पोराला आमचे सांगणे असे. बाबा, दोघांचेही चुकत असेल काय, हा प्रश्न तुझ्याआधी फार थोरांनी घेतला आहे. सांख्यांनी आणि जुन्या मीमांसकांनी जगत्कर्ता ईश्वर मानला नाही, तरी त्यांची गणना आस्तिक दर्शनांतच आहे. आणि ईश्वर आहे हे युक्तीने सांगण्यासाठी उदयनाचार्यांना न्यायकुसुमांजलीसारखा ग्रंथ रचावा लागला. ज्या प्रश्नासाठी ग्रंथ लिहिले गेले तो प्रश्न विचारणे पाप कसे असेल? फक्त नामदेवांसारखा विचार. तक्रार घेऊन जा, जाणत्याच्या दारी जा, आणि उत्तर पायाखालची जमीन हलवणारे निघाले तरी पळू नकोस.

ज्याला शेजाऱ्याच्या देवाची पंचाईत पडली आहे त्याने नागनाथाचे देऊळ आठवावे. आमच्याकडे चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी झाली आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत तेथे माळकरीही येतो आणि रानातला माणूसही येतो; नदी दोघांना वेगळाले पाणी देत नाही. पांडुरंग झाडापाशी नाही असे ठामपणे सांगणाऱ्याने विसोबांचे पाय कोठे ठेवायचे ते आधी ठरवावे.

आणि रोवणीच्या म्हाताऱ्याला काय सांगावे? देव सगळीकडे आहे, मग वारी कशाला, असे काही शहाणे लगेच म्हणतील. त्यांनी नामदेवांचा शेवट पाहावा. सगळीकडे देव पाहिलेले नामदेव परत पंढरीलाच आले. कुंपण गेले म्हणून त्यांनी शेत टाकले नाही. आई सगळ्या घरात असते, तरी लेकरू दमले की तिच्या पदरापाशीच येते. वारी ही तशी आहे. तेव्हा बाबा, रोवणी टाकून उपाशी मरू नका. चिखलात वाकून रोप लावताना नाम घ्या. तोही पांडुरंगच आहे. आणि हात मोकळे झाले, गाठीला पैसा आला, की माघी असो, चैत्री असो, पंढरीस जरूर या. न आलात म्हणून देव अंतरत नाही, आणि आलात म्हणून शेजाऱ्याहून थोर होत नाही.

मानलेले बरोबर की चूक हे ओळखण्याची एक खूण नामदेवरायांनी आचरून दाखविली आहे. ज्या समजुतीने मन आखडते, दुसऱ्याला दाराबाहेर ठेवावेसे वाटते, तिच्यावर थापटणे मारून पाहावे. जिच्यामुळे कुत्र्यामागे तूप घेऊन धावावेसे वाटते ती निर्भयपणे जपावी.

शके 1272, म्हणजे इ. स. 1350, आषाढ वद्य त्रयोदशीस नामदेवरायांनी पंढरपुरात देह ठेवला. जागा त्यांनी मागून घेतली ती महाद्वाराची पहिली पायरी, येणाऱ्याजाणाऱ्या संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून. देवावर कोणी पाय ठेवला म्हणून एके काळी संतापलेला हा भक्त, शेवटी सर्वांच्या पायांखाली आपण होऊन निजला. पुढच्या वेळी त्या पायरीशी वाकाल तेव्हा एवढे मनात असू द्यावे.

रामकृष्णहरि.