अनिश्चित वाटेचा यात्रिक

प्रवासाला निघताना वाट ठरलेली असावी, मुक्काम ठाऊक असावा आणि शिदोरी पुरेशी असावी, अशी सर्वसामान्य माणसाची अपेक्षा असते. ब्रिटिश गिर्यारोहक हॅरॉल्ड विल्यम टिलमन यांचे आयुष्य याच्या नेमके उलट घडत गेले. वाट न सापडणे, शिधा संपणे, बेत फसणे या गोष्टींना त्यांनी विघ्ने मानले नाही; प्रवासाचाच एक भाग मानले.

टिलमन यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी इंग्लंडमधील वॉलसी येथे झाला. पहिल्या महायुद्धात कोवळ्या वयातच ते तोफखान्यात दाखल झाले. शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक दोनदा मिळाले. युद्धानंतर त्यांनी केनियात कॉफीचा मळा उभा केला. तेथेच एरिक शिप्टन या तरुणाशी त्यांची मैत्री जुळली आणि १९३० मध्ये दोघांनी माउंट केनिया पर्वतावर पश्चिमेकडील अवघड धारेने चढाई केली. तिशी ओलांडल्यावर टिलमन यांना आपला खरा मार्ग गवसला होता.

मात्र १९३२ मध्ये इंग्लंडमधील एका कड्यावर चढताना भीषण अपघात झाला. सोबत्याला प्राण गमवावे लागले आणि टिलमन यांच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली. तशा अवस्थेतही ते मदत मिळवण्यासाठी कित्येक मैल सरपटत गेले. आता गिर्यारोहण विसरावे लागेल, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले. टिलमन यांनी तो सल्ला मानला नाही. त्याच वर्षी ते आल्प्स पर्वतात पुन्हा चढाईला गेले.

१९३३ मध्ये आफ्रिका सोडून मायदेशी परतायचे ठरले, तेव्हा त्यांनी जहाजाचा सरळ मार्ग घेतला नाही. एक साधी सायकल विकत घेऊन ते युगांडातून निघाले आणि आफ्रिका खंड आडवे ओलांडून अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर पोहोचले. सुमारे ३ हजार मैलांचा हा प्रवास त्यांनी एकट्याने, दोन महिन्यांच्या आत पूर्ण केला. वाटेत जे मिळेल ते खावे आणि रात्र होईल तेथे मुक्काम करावा, एवढीच त्यांची योजना होती.

पुढील वर्षी ते शिप्टन यांच्यासह गढवाल हिमालयात आले. सोबत अंग थारके, पसांग आणि कुसांग हे तीन शेर्पा होते. नंदादेवी शिखराभोवती उंच पर्वतांचा सुमारे ११० किलोमीटर घेराचा कोट आहे. ऋषिगंगा नदीची खोल घळ हीच त्यातली एकमेव फट. पण तिच्यातून आत जाणे तोपर्यंत कोणालाही साधले नव्हते. या पाच जणांनी पाठीवर ओझी घेऊन, कड्यावरची एकेक पायरी चाचपडत जून १९३४ मध्ये ती घळ पार केली. सातूच्या पिठावर भागवणाऱ्या या लहानशा पथकाने मोठ्या मोहिमांना न जमलेले काम केले.

पावसाळा सुरू झाल्यावर त्यांनी बद्रीनाथहून डोंगर ओलांडून केदारनाथकडे जाण्याचे ठरवले. पूर्वी एकच पुजारी एका दिवसात दोन्ही देवळांत पूजा करीत असे, अशी तेथील आख्यायिका होती. प्रत्यक्षात खिंडीपलीकडे घनदाट बांबूचे रान लागले. पूर आलेल्या ओढ्यांवर झाडे आडवी पाडून पूल करावे लागले. शिधा संपला, तेव्हा शेर्पा सोबत्यांनी बांबूचे कोवळे कोंब आणि अळंबी शोधून सर्वांना जगवले. तेच कोंब खाण्यासाठी अस्वलेही त्या रानात येत. अखेर भुकेलेली मंडळी एका खेड्यात सुखरूप पोहोचली. आख्यायिकेतला एक दिवसाचा मार्ग त्यांना सापडला नाही; पण विपत्तीत एकमेकांवर विसंबून कसे राहावे, हे त्या रानाने त्यांना शिकवले.

१९३६ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन गिर्यारोहकांच्या मोहिमेतून टिलमन पुन्हा नंदादेवीच्या पायथ्याशी आले. वाटेतल्या पुराला घाबरून बहुतेक ओझेवाले परत फिरले. शेर्पा आजारी पडले. त्यांपैकी एकाचा तळावरच मृत्यू झाला. शेवटच्या छावणीत चार्ल्स ह्यूस्टन डब्यातले खराब मांस खाल्ल्याने आजारी पडले, म्हणून त्यांच्या जागी टिलमन वर गेले. २९ ऑगस्ट १९३६ रोजी नोएल ओडेल आणि टिलमन यांनी ७,८१६ मीटर उंचीच्या शिखरावर पाऊल ठेवले. १९५० पर्यंत मानवाने इतके उंच दुसरे कोणतेही शिखर सर केले नव्हते. १९३८ मध्ये एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. या वेळी मात्र ऋतूने साथ दिली नाही. मऊ, घसरत्या बर्फापुढे हट्ट न धरता ते माघारी वळले.

वय वाढले, तसे उंच शिखरांचे आव्हान शरीराला पेलेनासे झाले. तेव्हा टिलमन यांनी समुद्राची वाट धरली. जुनी शिडाची नौका घेऊन ते पॅटागोनिया, ग्रीनलंड अशा दूरच्या किनाऱ्यांवर जात आणि तेथील डोंगर चढत. त्यांच्या दोन नौका उत्तरेकडील थंड समुद्रांत बुडाल्या. प्रत्येक वेळी ते नव्या नौकेच्या शोधाला लागले. १९७७ मध्ये एका तरुण कप्तानाच्या नौकेतून ते दक्षिण ध्रुवाकडील एका बेटावर चढाईसाठी निघाले. रिओ दि जानेरो सोडल्यावर ती नौका सर्व सोबत्यांसह नाहीशी झाली. ऐंशीव्या वाढदिवसाला थोडेच महिने उरले होते.

अनिश्चिततेला सामोरे जाण्याची किंमत टिलमन यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मोजली, हे विसरता येत नाही. मात्र ओझे हलके, गरजा थोड्या आणि मन खंबीर असेल, तर अनोळखी वाटही माणसाला पुढे नेते, याची साक्ष त्यांचे जीवन देते. बेत फसला म्हणून प्रवास संपत नाही. माघार घेणे हाही प्रवासाचाच एक टप्पा असतो. नंदादेवीचा माथा आणि एव्हरेस्टवरून घेतलेली माघार, या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच शांतपणे स्वीकारल्या.