ज्योतिर्विद कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

महागावसारख्या गावी राहून विद्येची मोठी सेवा कशी घडावी, अशी शंका आमच्या तरुण ज्ञातिबांधवांच्या मनात येते. तिचे निरसन करणारे एक चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळील मुरुड गावी झाला. १८७४ साली ते मॅट्रिक झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. उपजीविका शिक्षकाची होती. तथापि गणित व संस्कृत यांच्या बळावर त्यांनी प्राचीन कालगणनेचा शोध घेतला. गुप्तकालीन शिलालेखांतील तिथिवारांचे त्यांनी केलेले गणित फ्लीटसाहेबांनी आपल्या १८८८ च्या ग्रंथात स्वीकारले. अयनचलनामुळे कृत्तिका आज पूर्वबिंदूच्या उत्तरेस उगवतात. शतपथब्राह्मणात त्या ठीक पूर्वेस असल्याचा उल्लेख आहे. त्यावरून त्यांनी तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे ठरविला.

१८९६ साली रॉबर्ट सूएल यांच्यासमवेत त्यांनी भारतीय पंचांगावरील इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्याच वर्षी त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा महाग्रंथ मराठीत प्रसिद्ध झाला. १८९८ साली, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते निवर्तले.

या ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग भारत सरकारने १९६९ साली काढला. तोवर सत्तरांहून अधिक वर्षे लोटली होती. तरीही ग्रंथ जुना झाला नव्हता. एका शाळामास्तराने मायबोलीत केलेल्या या कार्याचे स्मरण आमच्या विद्यार्थ्यांनी नित्य ठेवावे, एवढीच आमची विनंती.