दोन दुष्काळांच्या दरम्यान : पंडिता रमाबाईंची ख्रिस्तनिष्ठा

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या धर्मांतराची चर्चा मराठीत प्रायः सामाजिक वादाच्या अंगाने झाली आहे. शारदा सदन, सुधारकांचा पाठिंबा व त्याची परिणती, ‘केसरी’तील टीका या संदर्भांत त्यांची ख्रिस्तनिष्ठा एक वादविषय होऊन राहिली. तथापि त्यांच्या चरित्राच्या आरंभी एक दुष्काळ आहे आणि मध्यावर दुसरा. या दोहोंच्या दरम्यान त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप कसे पालटले, हे पाहिल्यावाचून त्यांच्या उत्तरायुष्याचा उलगडा होत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न वैष्णव पंडित होते. पत्नीला संस्कृत शिकविल्यामुळे त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला होता. आई लक्ष्मीबाई याच रमाबाईंच्या पहिल्या गुरू. पुढे आश्रम मोडला आणि हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत हिंडू लागले. १८७०-८० या दशकात मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळाने त्याची वाताहत केली. जवळचे द्रव्य दानधर्म व अनुष्ठाने यांत संपले. अंगमेहनतीचे काम पंडिताच्या घरात कोणास शिकविलेले नव्हते आणि भीक मागणे अभिमानास मानवत नव्हते. झाडपाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. थोड्या अवधीत वडील, आई व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उरलेली दोन भावंडे, रमाबाई व श्रीनिवास, उत्तरेकडे पायी निघाली. पंजाबातील थंडीत अंगावर पांघरूण नसल्याने झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून त्यांत रात्र काढण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला.

१८७८ मध्ये कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. ज्या शास्त्रांच्या व्यासंगाबद्दल हा गौरव झाला, त्यांतील स्त्रीविषयक व शूद्रविषयक भूमिकेमुळेच त्यांचा त्यांवरील विश्वास डळमळू लागला, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चर येथील घरी हाती आलेले लूकचे बंगाली शुभवर्तमान हा त्यांचा ख्रिस्ती धर्मग्रंथाशी घडलेला महत्त्वाचा परिचय होय. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, भावंडे व पती या साऱ्यांना त्या अंतरल्या होत्या.

त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध केली आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासंबंधी साक्ष दिली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी पाहून व शोमरोनी स्त्रीची कथा वाचून त्यांना या धर्माचे विशेष आकर्षण वाटले. दुःखाच्या भरात त्यांनी आसरा शोधला, असे या धर्मांतराचे वर्णन अपुरे ठरते. समाजाने टाकलेल्या स्त्रीला या धर्मात स्थान काय, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. बाप्तिस्म्याने संकटे थांबली नाहीत. याच सुमारास त्यांच्या सहप्रवासिनी आनंदीबाई भगत यांचा आत्मघाताने अंत झाला आणि बधिरतेमुळे वैद्यकीय शिक्षणाची त्यांची आशाही मावळली.

चर्चच्या अधिकारापुढे मात्र त्यांनी मान तुकविली नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांची चिकित्सक बुद्धी जागृत असलेली दिसते. ख्रिस्ताचे वचन मानावयाचे, पण धर्माधिकाऱ्यांचे प्रत्येक मत नव्हे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १८९१ च्या सुमारास, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला अद्याप भेटलो नाही, अशी जाणीव त्यांना झाली. शरणागतीचा हा अनुभव बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी यावा, ही बाब लक्षणीय आहे. प्रथम बुद्धीने पारखून घेतलेले नंतर त्यांच्या अंतःकरणाने स्वीकारले.

दरम्यान अमेरिकेत त्यांच्या कार्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टन येथे साह्यकारी संस्था स्थापन झाली होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व १८९० मध्ये ते पुण्यास हलले. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आक्षेपावरून वाद पेटला. न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्मविषयक तटस्थतेचे अभिवचन व रमाबाईंची उघड प्रार्थना यांतील ताण खराच होता. आक्षेपकांची शंका सर्वस्वी निराधार नव्हती, हे मान्य करावे लागते. मात्र या एकाकीपणातही संस्था मोडली नाही.

दुसरा दुष्काळ १८९६-९७ चा. मध्य प्रांतातील उपासमारीच्या वार्ता कानी येताच रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांतील प्रत्येकीत त्यांना आपली पूर्वावस्था दिसली असावी. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या मुलींना केडगाव येथील शेतजमिनीवर ठेवावे लागले. यातून ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. येथे प्रार्थनेबरोबर शेती, विणकाम, तेलघाणा व छापखाना होता. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. पहिल्या दुष्काळात श्रम न शिकल्यामुळे एक घर उद्ध्वस्त झाले होते, तर दुसऱ्या दुष्काळातील मुलींच्या हाती सर्वप्रथम श्रम आले. रमाबाईंच्या श्रद्धेचे मर्म या व्यवस्थेत आहे. देवावर भार टाकणे म्हणजे स्वतःचा भार खाली ठेवणे, असा अर्थ त्यांनी कधी केला नाही.

याच वृत्तीचे वाङ्मयीन फलित म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. भागवताचे सहस्रावधी श्लोक मुखोद्गत असलेल्या या विदुषीने हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीला कळेल अशी भाषा योजिली. हिंदू तत्त्वज्ञानाचे संकेत वागविणारे संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. आपल्या पांडित्याचा हा त्यागच होता. ही भाषा काही ठिकाणी ओबडधोबड वाटते आणि चर्चमध्येही हे भाषांतर फारसे रूढ झाले नाही. तरीही मराठी गद्याच्या अभ्यासकाला या प्रयत्नाची दखल घ्यावी लागेल, कारण येथे शब्दनिवडीच्या मुळाशी वाचकाविषयीची करुणा आहे.

अखेरचा आघात २४ जुलै १९२१ रोजी झाला. कार्याची वारस मानलेल्या मनोरमाबाई मिरजेस निवर्तल्या. त्यानंतरही रमाबाईंचे मुद्रितशोधन चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांचेही हात होते.