ऑर्गनवाल्याचं विमान

फ्लाइट सिम्युलेटरचा गेम आपण सगळ्यांनीच कधी ना कधी खेळलाय, सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा! पण ज्या सिम्युलेटरवर लाखो वैमानिक शिकले, त्यात कॉम्प्युटर नव्हता की स्क्रीन नव्हता. होते ते ऑर्गनचे भाते.

तो बनवणारा एडविन लिंक १९०४ साली अमेरिकेत जन्मला. बिंगहॅम्टन गावात त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता. मूकपटांच्या थिएटरात वाजणारे मोठाले ऑर्गन तिथे बनायचे. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऑर्गन म्हटलं की मला फक्त प्रेयर आठवते!) १९२० साली त्याने विमान चालवण्याचा पहिला धडा घेतला. ५० डॉलर मोजले आणि शिक्षकाने कंट्रोलला हातसुद्धा लावू दिला नाही. मग जमिनीवरच का शिकू नये, असं त्याला वाटलं.

१९२७ पासून तो कारखान्याच्या तळघरात खटपट करत बसला. आखूड पंखांचं एक छोटं विमान त्याने भात्यांवर बसवलं. दांडा हलवला की व्हॉल्व्ह उघडायचे, भात्यांतली हवा कमीजास्त व्हायची आणि विमान त्या बाजूला कलायचं. जागचं हलत नव्हतं, पण आत बसलेल्याला आपण उडतोय असंच वाटे. १९३१ साली पेटंट मिळालं. गिऱ्हाईक कोण? तर जत्रेतले पाळणेवाले!

खरी गरज वेगळीच होती. ढगात शिरल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही, मग शरीर कानावर विसंबतं. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. वळण बराच वेळ तसंच राहिलं की द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि वळल्याची जाणीवच जाते. वैमानिकाला वाटतं आपण सरळ चाललोय. विमान खरंच सरळ केलं तर उलटं कलल्यासारखं वाटतं, म्हणून तो पुन्हा वळणात जातो आणि खाली खाली येतो. लिंकने कॉकपिटवर झाकण लावलं. आत फक्त काटे. शरीर काही का सांगेना, विश्वास काट्यांवर ठेवायचा, ही सवय तिथे लागे. चुकलं तरी कोणी मरत नव्हतं.

१९३४ मध्ये अमेरिकन लष्कराकडे विमानाने टपाल नेण्याचं काम आलं आणि काही आठवड्यांत डझनभर वैमानिक गेले. लष्कराचे अधिकारी नेवार्कला लिंकची वाट बघत होते. धुकं इतकं, की हा काही येत नाही असं त्यांनी धरलंच होतं. लिंक त्याच धुक्यातून काट्यांवर विमान आणून उतरला! लष्कराने प्रत्येकी ३५०० डॉलरला सहा ट्रेनर घेतले. दुसऱ्या महायुद्धात त्यांवर पाच लाखांहून जास्त जण शिकले.

पुढे १९५४ साली कंपनी विकून तो समुद्राकडे वळला, पाणबुड्या बनवू लागला. १९७३ साली त्यानेच डिझाइन केलेली पाणबुडी फ्लोरिडाजवळ एका बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. आतल्या चौघांपैकी दोघे वाचले नाहीत. त्यांतला एक लिंकचा मुलगा होता.

त्यानंतर म्हातारा पुन्हा कामाला बसला. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणूस न पाठवता पोचेल असं, केबलवर चालणारं बचावयंत्र त्याने तयार केलं. १९८१ साली तो बिंगहॅम्टनलाच वारला.