आचार्य द्विवेदी आणि एक चुकलेला शब्द



मागील सत्रात पालक सभेची सूचना मी स्वतः लिहिली आणि घाईघाईत तशीच छापायला दिली. तीन दिवसांनी आठवीतल्या एका मुलाने ती मला परत आणून दिली. त्याच्या आजोबांनी तिच्यावर लाल पेनाने चार ठिकाणी गोल केले होते. 'विनंती आहे कि' यातला ऱ्हस्व 'कि', 'शाळे च्या' यातली मोकळी जागा, 'कवि' आणि 'सम्मेलन'. खाली एक अक्षरही लिहिलेले नव्हते. खरे सांगायचे तर आधी राग आला. मग ती सूचना पुन्हा वाचली आणि कान गरम झाले, कारण चारही गोल बरोबर होते.

आपण जाणताच, माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. वरच्या चारही गोष्टी हिंदीत चुका नाहीत. हिंदीत 'कि' आणि 'की' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत फक्त 'की'. हिंदीत नामाचा प्रत्यय सुटा लिहितात, मराठीत तो शब्दाला चिकटतो. हिंदीत 'कवि', 'गुरु'. मराठीत 'कवी', 'गुरू', पण समासात पुन्हा 'कविराज', 'गुरुदक्षिणा'. आपल्या इंदूरची मुले तिसऱ्या तासाला जे लिहून शाबासकी मिळवतात, तेच चौथ्या तासाला लिहून फुली मिळवतात. त्यांच्या गोंधळाला मी हसू शकत नाही. मी स्वतः त्यातलाच आहे.

त्या संध्याकाळी मला कॉलेजात अभ्यासलेले आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी आठवले. दुसऱ्यांच्या चुका सुधारण्यात त्यांनी आपले निम्मे आयुष्य घातले, आणि त्यांच्या स्वतःच्या नावातच एक चूक होती. त्यांचा जन्म १८६४ मध्ये रायबरेली जिल्ह्यातल्या दौलतपूर गावी झाला. वडील रामसहाय हे मारुतीचे भक्त, म्हणून मुलाचे नाव ठेवले महावीर सहाय. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी दाखल्यावर चुकून 'महावीर प्रसाद' लिहिले, आणि तेच नाव जन्मभर राहिले. (आमच्या कार्यालयाने दाखले लिहिताना हे ध्यानात ठेवावे.)

घरी गरिबी होती. तेराव्या वर्षी इंग्रजी शिकायला रायबरेलीला गेले, तेही पीठ आणि डाळ पाठीवर घेऊन पायी. पोळी करता येत नव्हती, म्हणून उकळत्या डाळीत कणकेचे तुकडे टाकून पोट भरायचे. आपल्याकडे ज्याला वरणफळे म्हणतात तसलाच प्रकार, पण आवडीने नव्हे, अडचणीने. पुढे शाळा अर्धवट सुटली आणि ते वडिलांकडे मुंबईला गेले. तिथे संस्कृत, गुजराती आणि आपली मराठीही शिकले. तारेचे काम शिकून रेल्वेत लागले. हरदा, खंडवा, होशंगाबाद, इटारसी या स्टेशनांवर त्यांनी नोकरी केली आहे, हे आपल्या भागातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते. शेवटी झाशीला बऱ्यापैकी मोठ्या पदावर पोहोचले.

झाशीला असताना एका शिक्षकाने त्यांना शाळेत लावलेले हिंदीचे एक वाचन-पुस्तक दाखवले. ते चुकांनी भरलेले होते. द्विवेदीजींनी त्या सगळ्या चुका दाखवणारे परीक्षण लिहून छापले. पुस्तक होते अलाहाबादच्या इंडियन प्रेसचे. मालक चिंतामणी घोष यांच्या जागी दुसरा कोणी असता तर कायमचा वैरी झाला असता. घोषबाबूंनी मात्र आपल्या 'सरस्वती' या मासिकाचे संपादन त्यांनाच देऊ केले. लाल गोल काढणाऱ्या आजोबांना शाळेच्या पत्रिकेचे मुद्रितशोधन सोपवण्याची कल्पना मला इथूनच सुचली.

१९०३ पासून द्विवेदीजी 'सरस्वती'चे संपादक झाले. पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, वरिष्ठ साहेबाशी खटका उडाला आणि त्यांनी रेल्वेचा राजीनामा दिला. राजीनामा परत घ्यावा का, असा विचार मनात आला तेव्हा पत्नीने साफ नकार दिला. मासिकाकडून मिळत होते महिना २० रुपये, आणि टपालासाठी ३ रुपये वेगळे.

त्या काळचे हिंदी गद्य आज वाचले तर आश्चर्य वाटते. एकाच लेखात 'गई' आणि 'गयी', लिंगाचा ठिकाणा नाही, 'ने' कुठे आहे तर कुठे नाही. ब्रज, अवधी, उर्दू, बंगाली यांपैकी जी ज्याच्या घरची, तिची छाया त्याच्या लेखणीवर. द्विवेदीजी कानपूरजवळच्या जुहीत बसून आलेला प्रत्येक लेख ओळ न ओळ तपासत. अनेकदा मूळ लेखापेक्षा दुरुस्त्याच जास्त. त्यांनी मैथिलीशरण गुप्त या तरुणाला ब्रजभाषेतून खडी बोलीकडे वळवले आणि त्याच्या कविता सुधारून छापल्या. प्रेमचंदांच्या 'पंच परमेश्वर' या कथेचे नावही त्यांनीच बदलून तसे केले असे सांगतात. सर्व लेखकांना हे रुचत होते असे नाही. आपल्या वाक्यावर दुसऱ्याची लेखणी फिरली की कसे वाटते, ते मला आता चांगलेच समजते.

नोव्हेंबर १९०५ च्या 'सरस्वती'त त्यांनी भाषा आणि व्याकरण या विषयावर लांबलचक लेख लिहिला. त्यात भारतेंदु हरिश्चंद्र आणि राजा शिवप्रसाद यांच्यासारख्या मोठ्यांच्या लेखनातलेही दोष दाखवले. व्याकरण पक्के नसल्याने भाषा डळमळते, हा मुद्दा. त्या डळमळण्यासाठी त्यांनी शब्द वापरला 'अनस्थिरता'. झाले! कलकत्त्याच्या 'भारतमित्र'चे संपादक बालमुकुंद गुप्त यांनी नेमका हाच शब्द पकडला. संस्कृतात नकाराचा 'अन्' स्वरापूर्वी येतो, व्यंजनापूर्वी नुसता 'अ'. म्हणजे 'अनादर' बरोबर, पण शब्द हवा 'अस्थिरता'. जो जगाला व्याकरण शिकवायला निघाला त्याच्याच लेखात ही चूक! गुप्तजींनी 'आत्माराम' या टोपणनावाने दहा लेख लिहिले आणि यथेच्छ थट्टा केली. पंडित गोविंदनारायण मिश्र द्विवेदीजींच्या बाजूने उतरले. खुद्द द्विवेदीजींनीही टोपणनावाने आल्हाच्या चालीवर एक रचना लिहून टोला दिला. एका शब्दावरून हिंदी जगतात महिनोन्‌महिने धूळ उडाली.

द्विवेदीजींनी तो शब्द शेवटपर्यंत मागे घेतला नाही. दोन्ही शब्दांच्या अर्थात फरक आहे असे ते मांडत राहिले. हिंदीत 'अनमोल', 'अनपढ' असे शब्द व्यंजनापूर्वी 'अन' घेऊन सुखाने नांदतात हे खरे, पण 'स्थिरता' हा शुद्ध संस्कृत शब्द, त्याला ही सवलत कशी मिळणार? माझ्या मते इथे गुप्तजी बरोबर होते. द्विवेदीजींनी एका ओळीत मान्य केले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण शेकडो लेखकांच्या चुका काढणाऱ्याला स्वतःची एक चूक कबूल करणे किती अवघड जाते, ते यात दिसते. गुप्तजी १९०७ मध्येच वारले.

एक मात्र झाले. व्याकरण ही भांडण्याइतकी महत्त्वाची गोष्ट आहे हे हिंदी लेखकांना पटले, आणि प्रमाण व्याकरणाची गरज सर्वांनाच जाणवू लागली. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने ते काम कामताप्रसाद गुरू यांच्याकडे दिले. १९२० मध्ये ते तपासायला जी समिती बसली तिच्यात द्विवेदीजी होते. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे गुरूंनी त्या व्याकरणाच्या मांडणीसाठी मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चा आधार घेतला. हे दामले कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ, आणि आपल्या शेजारच्या उज्जैनच्या माधव कॉलेजात त्यांनी कितीतरी वर्षे शिकवले. म्हणजे जे हिंदी व्याकरण पाठ करून मी पदवी घेतली, त्याच्या पायात मराठीची वीट होती आणि मला ते पत्ताच नव्हते!

१९२० नंतर द्विवेदीजी संपादन सोडून दौलतपूरला राहिले. पत्नी आधीच गेली होती. तिच्या स्मरणार्थ त्यांनी गावात मंदिर बांधून लक्ष्मी आणि सरस्वती यांच्यामध्ये तिची मूर्ती बसवली. गावकरी खूप हसले, पण त्यांनी मूर्ती हलवली नाही. २१ डिसेंबर १९३८ रोजी रायबरेलीत त्यांचे निधन झाले. 'सरस्वती'साठी आलेली, त्यांनी दुरुस्त केलेली हस्तलिखिते त्यांनी काशीच्या सभेला देऊन टाकली होती. त्यांत लेखकाचे मूळ वाक्य आणि त्यावर द्विवेदीजींची दुरुस्ती, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

त्या आजोबांनी पत्रिकेचे काम आनंदाने स्वीकारले आहे. हा लेख त्यांच्याकडे गेला तेव्हा अकरा गोल घेऊन परत आला. आपण वाचत आहात ती दुरुस्त प्रत आहे.

आपला,
प्राचार्य