कविवर बनारसीदास

कविवर बनारसीदास यांचा जन्म इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ जैन कुळात झाला. पिता खरगसेन व्यापारी होते. तारुण्यात बनारसीदासांनी एक हजार पद्यांचा शृंगारप्रधान ग्रंथ रचला. पुढे पश्चात्ताप होऊन तो त्यांनी स्वहस्ते गोमतीच्या प्रवाहात सोडला. व्यापारात त्यांना वारंवार तोटा सोसावा लागला.

पुढे आग्रा येथे अध्यात्मप्रेमी श्रावकांच्या सहवासात आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’चे चिंतन घडले आणि १६३६ मध्ये ‘समयसार नाटक’ हा त्यांचा ग्रंथ सिद्ध झाला.

संसारात त्यांना नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी एकही जगले नाही. अशा शोकाच्या छायेत १६४१ मध्ये, वयाच्या ५५व्या वर्षी, त्यांनी ६७५ पद्यांत ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानल्यास ही निम्मीच कथा, म्हणून हे नाव. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात त्यांनी आपल्या गुणांबरोबर दोषही निःसंकोचपणे नोंदविले. कथेचा उत्तरार्ध उपलब्ध नाही. परंतु स्वतःचे दोष स्वतःच जगापुढे मांडण्याचे त्यांचे धैर्य आजही प्रत्येक साधकाला आत्मपरीक्षणाची प्रेरणा देते.